भयकथेत भीती का उतरत नाही? या चुका टाळा

नाशिकमध्ये नव्याने भयकथा लिहिणाऱ्यांच्या हस्तलिखितांत जुन्या नाशकातला एखादा वाडा हमखास भेटतो, आणि अंधारे माजघर, अरुंद जिना, कुलूप घातलेली माडी हे सगळे हाताशी असताना तो यावा यात वावगे काहीच नाही. अडचण पुढे येते. अमावास्या, वटवाघळे आणि कुत्र्याचे रडणे पहिल्याच पानावर मांडूनही वाचक निर्धास्तपणे पान उलटतो, कारण लेखकाने भीतिदायक वस्तू जमवलेल्या असतात, मात्र त्यांच्याकडे पाहणारे मन कथेत कुठेच नसते. गॉथिक परंपरेतल्या, म्हणजे जुनी घरे, गूढ आणि भय यांवर उभ्या असलेल्या, चांगल्या लघुकथांत अलंकार आणि प्रतिमा नेहमी कोणाच्या तरी समजुतीला धक्का देण्यासाठी येतात.

विशेषणांवर भिस्त ठेवणे

एडगर ॲलन पो यांच्या 'द फॉल ऑफ द हाऊस ऑफ अशर' (१८३९) या कथेत घराच्या खिडक्या रिकाम्या डोळ्यांसारख्या दिसतात. एवढी चेतनगुणोक्ती, म्हणजे निर्जीव वस्तूला सजीवाचे गुण देणे, कोणीही साधील. त्यानंतर निवेदक जे करतो, ते बारकाईने वाचण्यासारखे आहे: आपल्या मनावरचे दडपण कमी व्हावे म्हणून तो घोडा शेजारच्या काळ्या तळ्याच्या काठाशी नेतो, पाण्यातले घराचे प्रतिबिंब पाहतो, आणि ते उलटे घर त्याला आधीपेक्षाही अधिक हादरवते. शहाण्या माणसाने स्वतःला सावरण्यासाठी केलेला उपाय फसला, की वाचकाचाही आधार सुटतो. थोड्याच वेळात छपरापासून तळ्यापर्यंत नागमोडी उतरलेली, जेमतेम दिसणारी एक भेग तो जाता जाता सांगतो आणि पुढे निघून जातो. शेवटी घर दुभंगते ते याच भेगेवर.

आपल्याकडे वाड्याच्या भिंतीला तडा जाणे ही कल्पनेतली गोष्ट नाही, पावसाळ्याच्या तोंडावर धोकादायक वाड्यांना महापालिकेच्या नोटिसा जातच असतात. म्हणून त्या भेगेला 'अक्राळविक्राळ' म्हणण्याऐवजी तिच्यावर दिनदर्शिका टांगलेली दाखवावी आणि पुढच्या वर्षी घरच्यांना मोठ्या आकाराची दिनदर्शिका आणावी लागली, एवढेच लिहावे. 'भयाण वाड्यात गूढ शांतता पसरली होती' या वाक्यावरही हाच इलाज चालतो: काकूंनी नेहमीप्रमाणे दोघांची पाने वाढली आणि मग काही न बोलता तिसरे मांडले.

निवेदकाकडून भीतीची कबुली घेणे

'मी प्रचंड घाबरलो होतो' हे वाक्य भयकथेतले बहुधा सर्वांत निरुपयोगी वाक्य असावे. पो यांच्याच 'द टेल-टेल हार्ट' (१८४३) मध्ये निवेदक आपण वेडे नाही हे पटवून देण्यासाठी आपली शिस्त पुढे करतो. सात रात्री, नेमक्या मध्यरात्री, तो म्हाताऱ्याच्या खोलीचे दार उघडतो आणि नुसते डोके आत घालायला तासभर घेतो. या नीटनेटकेपणाचा त्याला अभिमान वाटतो आणि वाचकाला धडकी भरते. आठव्या रात्री त्याला म्हाताऱ्याच्या हृदयाचा, कापसात गुंडाळलेल्या घड्याळासारखा, दबका आणि जलद आवाज ऐकू येतो. पुढे म्हाताऱ्याचा खून झाल्यावर पोलीस शांतपणे गप्पा मारत बसलेले असताना हीच उपमा जवळपास त्याच शब्दांत परत येते. पहिल्या वेळी ती आवाजाचे वर्णन वाटते, दुसऱ्या वेळी त्या माणसाचे निदान. नवे लेखक पुनरुक्तीला दोष समजून दर वेळी नवी उपमा शोधतात, आणि हातातले सर्वांत धारदार साधन गमावतात.

याच्या उलट प्रकार शार्लट पर्किन्स गिलमन यांच्या 'द यलो वॉलपेपर' (१८९२) मध्ये दिसतो. खिडक्यांना गज आहेत आणि पलंग जमिनीला खिळलेला आहे, तरी निवेदिका त्या खोलीला मुलांची खोली समजते. ही कोंडून ठेवण्याची खोली असावी, असा संशय तिच्या आधी वाचकाला येतो, पण त्याला तिला सावध करता येत नाही.

भूत दाखवण्याची घाई

ॲन रॅडक्लिफ यांच्या मृत्यूनंतर, १८२६ मध्ये, प्रसिद्ध झालेल्या निबंधात मनाला जागे करणारी धास्ती आणि मनाला गोठवणारी बीभत्सता वेगळ्या मानल्या आहेत, आणि धास्तीसाठी अस्पष्टता आवश्यक ठरवली आहे. डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्ज यांच्या 'द मंकीज पॉ' (१९०२) मध्ये माकडाचा एक पंजा तीन इच्छा पुऱ्या करतो; दुसऱ्या इच्छेने मेलेल्या मुलाला परत बोलावल्यावर दारावर थापा पडतात, आई खुर्ची ओढून वरची कडी काढू पाहते, वडील घाईने तिसरी इच्छा मागतात, आणि दार उघडते तेव्हा बाहेर रिकामा रस्ता असतो. दाराशी काय होते ते लेखक सांगत नाही. मात्र यंत्रात सापडलेल्या मुलाला आपण केवळ कपड्यांवरून ओळखले, हे वडिलांच्या तोंडून आपण आधीच ऐकलेले असते. लपवायचे असेल तर वाचकाला आधी असा तपशील द्यावा लागतो. काहीच न देता केलेले मौन गूढ होत नाही, अपुरे राहते.

भीतीची चढण टप्प्याटप्प्याने असावी, याचे माप नाशिककरांना वेगळे शोधावे लागत नाही. गोदावरीच्या पुरात पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला लागले, कमरेला लागले, छातीला लागले, अशी येणारी बातमी कथेत प्रसंगांच्या मध्ये पेरली, तर 'पूर भीषण होता' असे एकदाही लिहावे लागत नाही.

नुसती साधने जमवून थांबण्याची चूक परीक्षेच्या उत्तरातही निराळ्या रूपात येते. विद्यार्थी 'लेखकाने प्रतीक, पूर्वसूचना व चेतनगुणोक्ती वापरून भीती निर्माण केली' असे लिहून मोकळे होतात आणि गुण का कापले याचे नवल करतात. त्यांनी एकच साधन निवडावे, ते कथेत कुठे पहिल्यांदा येते, कोणाच्या नजरेतून येते आणि परत येते तेव्हा त्याचा अर्थ किती सरकलेला असतो, हे ओळींच्या आधारे लिहावे; अशरच्या भेगेवर एवढे लिहिले तरी अर्धे पान सहज भरते.