मोल समजून घ्या, स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर

ठाण्यात नौपाड्याला आमच्या घरी नववी-दहावीची मुलं रसायनशास्त्र शिकायला येतात. "मोल म्हणजे काय?" असं विचारलं की कुणीतरी हमखास म्हणतं, "अठरा ग्रॅम." ते पाण्याच्या एका मोलचं वजन झालं. मोल ही संख्या आहे. एवढं एकदा डोक्यात बसलं की पुढची गणितं अडत नाहीत.

सुरुवात डझनापासून करा. वाशीच्या मार्केटमधली हापूसची पेटी चार डझनांची असते, तशी सहा डझनांचीही असते. फळ मोठं तर डझन जड, बारीक तर हलका, पण नग बाराच. मोलमध्ये नग ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३ वा घात. २० मे २०१९ पासून हा आकडा व्याख्येनेच पक्का झाला आहे.

इतके नग मोजणार कसे? वजन करून. रेणुवस्तुमान, म्हणजे रेणूतल्या सगळ्या अणूंच्या वस्तुमानांची बेरीज, काढायचं आणि तेवढे ग्रॅम तोलायचे. खाण्याचा सोडा घ्या: सोडियम २३, हायड्रोजन १, कार्बन १२, ऑक्सिजनचे तीन मिळून ४८. बेरीज ८४, म्हणजे ८४ ग्रॅम सोडा हा एक मोल. साखरेचा मोल ३४२ ग्रॅम भरतो. दोन्ही वाट्या शेजारी ठेवून बघाच. ढीग किती वेगळे, पण कण तितकेच.

आता खरी गंमत. ढोकळ्यात घालतो त्या लिंबूफुलाचा, म्हणजे सायट्रिक आम्लाचा, एक मोल १९२ ग्रॅम. त्याच्या एका रेणूला सोड्याचे तीन लागतात. म्हणून २१ ग्रॅम सोडा (पाव मोल) आणि १६ ग्रॅम लिंबूफूल (मोलचा बारावा भाग) तोला. पाकिटावर 'मोनोहायड्रेट' लिहिलं असेल तर साडेसतरा ग्रॅम घ्या, त्यात पाण्याचाही रेणू धरलेला असतो. मोठ्या पातेल्यात पेलाभर पाण्यात लिंबूफूल विरघळवा आणि सोडा थोडा थोडा टाका. बंद बाटलीत हे अजिबात करू नका, वायूच्या दाबाने ती फुटू शकते.

फेस बसला, ढवळून झालं, की वर चिमूटभर सोडा टाका. फसफस जेमतेम होते. मग दुसऱ्या पातेल्यात दोन्ही १६-१६ ग्रॅम घेऊन हेच करा. वजन सारखं, पण नग जुळलेले नाहीत. साधारण चार ग्रॅम लिंबूफूल उरतं. इथे चिमूट पडली की पाणी पुन्हा उसळतं.