फायबर घरात आलं, पण एलओएसचा लाल दिवा जाईना: माझा अनुभव

घर रत्नागिरी जिल्ह्यात, वाडीच्या टोकाला. रस्त्यावरच्या खांबापासून फायबर (इंटरनेटची काचेच्या तंतूची वायर) आंब्या-फणसाला बांधत आणलेली. लक्षण असं: ओएनटीवर (फायबर जोडतात त्या घरातल्या डबीवर) पॉवरचा दिवा हिरवा, पॉनचा (कंपनीशी जोडणी झाल्याचा) बंद, एलओएस (सिग्नल येत नसल्याचा) लाल लुकलुकणारा. वारा पडला की नेट यायचं, सुटला की गायब.

रीसेट केलं, अडॅप्टर बदलला, ओएनटीही बदलून घेतला. ढिम्म फरक नाही. फोनवर 'रीस्टार्ट करून बघा' ऐकून कान किटले.

शेवटी लाइनमनला पॉवर मीटर (फायबरमधल्या उजेडाची ताकद मोजणारं यंत्र) घेऊनच बोलावलं. त्याशिवाय सगळा अंधारात दगड. 1490 नॅनोमीटरवर (घराकडे येणाऱ्या सिग्नलची तरंगलांबी) आधी खांबावरच्या स्प्लिटरपाशी (एका फायबरचे अनेक फाटे करणारी डबी) मोजलं: उणे 20 डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचं माप; उणे आकडा वाढला की सिग्नल कमी). मग घरात: उणे 31. बहुतेक ओएनटी उणे 27-28 च्या खाली सिग्नल धरत नाहीत, म्हणजे दोष मधल्या वायरीतच.

घरच्या टोकाला लाल लेझर पेन लावला (त्यात डोळा घालून बघायचं नाही). काळ्या वेष्टणातून उजेड दिसत नाही, म्हणून फणसावरचा जोड उघडला. नुसती टेप गुंडाळलेली, आत पाणी, आणि लाल उजेड तिथेच सांडत होता.

जोड काढून टाकला. खांबापासून घरापर्यंत एकसंध नवी वायर ओढली, झाडांऐवजी जीआय पाइप रोवून त्यांवर क्लॅम्पने ताणली. दोन्ही टोकांना फ्यूजन स्प्लायसिंग (काचेचे तंतू वितळवून जोडणं) केलं. हिरवा कनेक्टर हिरव्यातच लावला. निळा त्यात बसतो, पण सिग्नल खातो. उरलेल्या वायरीचं वेटोळं ताटलीएवढं मोठं ठेवलं.

घरातलं नवं रीडिंग उणे 21. लाल दिवा विझला, पॉन हिरवा झाला.