थोराड घोडा खूर कापताना उभा राहत नसेल तर

सातशे-आठशे किलोंचा घोडा ताकदीने धरून ठेवता येत नाही. माणसं दोन लावा की चार, त्याने पाय ओढला की सगळे फरफटत जातात. तेव्हा तो का हलतोय हे आधी शोधा. बहुतेकदा त्याचा तोल जात असतो किंवा काहीतरी दुखत असतं. निव्वळ हट्ट क्वचितच.

जागा सपाट, कोरडी, न घसरणारी हवी. कामाआधी 15-20 मिनिटं चालवून आणा. पाय उचलण्यापूर्वी उरलेले तिन्ही पाय नीट फाकून टेकलेत का ते बघा. नसतील तर एखादं पाऊल पुढे-मागे करून घ्या. एवढ्यानेच निम्मी चुळबुळ थांबते.

घोडा धरणाऱ्याने नालबंदाच्याच बाजूला उभं राहावं. घोडा बिथरला की तोंड आपल्याकडे ओढायचं, म्हणजे पुठ्ठा (मागचा भाग) पलीकडे वळतो. पलीकडे उभं राहून ओढलं तर तोच पुठ्ठा नालबंदाच्या अंगावर येतो. दोर हाताला गुंडाळू नका, आणि घोडा बांधलाच तर एका ओढीत सुटणारी गाठ मारा.

सगळ्यात जास्त चुका पाय उचलण्यात होतात. आपली कंबर वाचवायला माणूस पाय वर आणि बाहेर ओढतो, त्याने मांडीच्या सांध्याला पीळ बसतो. पाय अंगाखालीच ठेवा. मागचा पाय तर जमिनीपासून वीतभर वर पुरे. बुटक्या स्टँडवर टेकवा आणि आपण वाका. गुडघे टेकून किंवा बसून मात्र कधीच काम करू नका. म्हाताऱ्या घोड्याला दर मिनिटा-दोन मिनिटांनी पाय खाली ठेवू द्या, तेही त्याने हिसका मारायच्या आत. हिसक्यानंतर पाय सोडलात तर हिसका मारला की सुटका होते, हे तो लगेच शिकतो. अंगावर रेलू लागला तर भार पेलत बसू नका, त्याला पुन्हा नीट उभा करा.

मागचा पाय उचलताच तो पोटाकडे आखडून थरथरत असेल, शेपटीही वर होऊन कापत असेल, तर तो आजार असू शकतो. थोराड जातींत तो आढळतो. मारून काही होत नाही, पशुवैद्यांना दाखवा. पायांवर दाट केस असलेला घोडा सारखा पाय आपटत असेल तर केसांखाली खरजेचे किडे आहेत का तेही तपासून घ्या.

सराव नालबंद येण्याच्या दिवशी नको. रोज पाय उचला: आधी 2-3 सेकंद, मग हळूहळू एक-दोन मिनिटांपर्यंत, आणि खुरावर बोटांनी ठकठक करा.

नाल ठोकताना प्रत्येक खिळ्याचं बाहेर आलेलं टोक तिथल्या तिथे पिळून तोडा. पाय निसटला तर तेच टोक नालबंदाची मांडी फाडतं.

तरीही जमलं नाही तर गुंगीचं इंजेक्शन पशुवैद्यांकडूनच द्या. गुंगीतला घोडाही अचानक लाथ मारतो, त्यामुळे त्याच्या थेट मागे तेव्हाही उभं राहू नका.