दसऱ्याआधी पिकअपचा हौदा: धुवा, पण आधी पाण्याला वाट द्या

खंडेनवमीला गाडी बाहेरून लख्ख होते, झेंडूचा हार चढतो, लिंबू-मिरची बदलते. हौद्यात रबरी मॅटखाली मात्र जूनपासून सांडलेलं खत, चिखल आणि कांद्याची टरफलं तशीच ओली पडलेली असतात. सोयाबीन काढणीला आलंय, टोमॅटो चालू आहे, पुढे लाल कांदा, मग द्राक्षं. सगळा माल याच हौद्यातून जायचा आहे. काढणीची धांदल सुरू व्हायच्या आत, चांगली उघडीप बघून अर्धा दिवस या कामाला द्या.

पाण्याचा पाइप लगेच हातात घेऊ नका. मॅट, प्लायवूड, जास्तीचा पत्रा जे काही अंथरलं असेल ते उचलून बाहेर काढा आणि हौदा कोरडाच झाडा. युरिया, पोटॅशचे दाणे हवेतला ओलावा ओढून घेतात. त्यावर थेट पाणी मारलं की खारट द्रावण होऊन ते पत्र्याच्या जोडांत उतरतं, आणि गंज तिथूनच धरतो. पोटॅश म्हणजे बहुतेक वेळा क्लोराइडच, पत्र्याला सगळ्यात वाईट. कोपऱ्यातले दाणे जुन्या पेंटब्रशने काढा.

आता निचरा. रिकाम्या पिकअपचा मागचा भाग स्प्रिंगच्या पाट्यांमुळे उचललेला असतो, त्यामुळे पाणी मागच्या फाळक्याकडे न येता केबिनमागच्या कोपऱ्यांत साचतं. पुढची चाकं चढावर घेऊन, मागच्या चाकांना दगडाची उटी लावून गाडी उभी करा आणि फाळका उघडा. हौद्याच्या तळाला निचऱ्याची भोकं असतील तर खालून तार घालून मोकळी करा. टरफलं आणि माती मिळून त्यांत घट्ट बूच बसलेलं असतं. भोकंच नसतील तर गॅरेजवाल्याकडून पाडून घ्या, पण खालून ब्रेकचा पाइप, डिझेलची लाइन, वायरिंग कुठून गेलंय ते आधी बघायला लावा. भोकाच्या कडेला लगेच प्रायमर हवा, नाहीतर निचऱ्यासाठी पाडलेल्या भोकातूनच गंज सुरू होईल. हौद्यावर हूड (ताडपत्रीचं छप्पर) बसवलेलं असेल तर त्याचे पाइप ज्या खोबणीत बसतात तिथेही पाणी धरतं. तेही बघा.

एवढं झालं की साबणाचं पाणी, काथ्याचा ब्रश आणि भरपूर साधं पाणी. सडका टोमॅटो किंवा आलं वाहिलं असेल तर धुतल्यावर १० लिटर पाण्यात ५ ग्रॅम ब्लीचिंग पावडर कालवून, वरचं निवळलेलं पाणी हौद्यात आणि क्रेटवर फिरवा. दहा मिनिटांनी साध्या पाण्याने पुन्हा धुवा, कारण क्लोरीनही पत्रा खातं. घाण तशीच ठेवून वरून ब्लीचिंग मारण्यात अर्थ नाही, ते घाणीतच संपतं. आणि ही पावडर युरियावर किंवा ॲसिडवर पडू देऊ नका, विषारी वायू होतो.

कीटकनाशक सांडलं असेल तर सुरुवातीला पाणी अजिबात नको. हातमोजे घालून त्यावर कोरडी माती किंवा लाकडाचा भुसा टाका, शोषलं की खरवडून काढा आणि विहीर-ओढ्यापासून लांब खड्ड्यात पुरा. मग साबणाने दोन-तीनदा धुवा. ते पाणीही ओढ्याकडे किंवा गोठ्याकडे जायला नको.

वॉशिंगवाला शेवटी डिझेल मारू का म्हणून विचारतो. हौद्यात तरी नको म्हणा. रबर फुगतं आणि वास मालाला लागतो. द्राक्षाची पेटी उघडल्यावर डिझेलचा वास आला, तर व्यापाऱ्याला भाव पाडायला आणखी काय हवं?

धुतल्यावर ताडपत्री लगेच ओढू नका. आत वाफ धरते आणि रात्रीत पत्र्याला घाम सुटतो. फाळका उघडा ठेवून दिवसभर ऊन लागू द्या. मॅट दोन्ही बाजूंनी वाळली की मगच अंथरा. ओल राहिली तर सोयाबीनची तळची पोती ती पिऊन घेतात, आणि सरकारी खरेदीत ओलाव्याची अट साधारण १२ टक्क्यांची आहे. घरी मोजलेलं सोयाबीन काट्यावर ओलं भरतं ते कधीकधी यामुळेच.

गंजाचे ठिपके दिसले तर तारेच्या ब्रशने चकाकी येईपर्यंत घासा, रेड ऑक्साइड मारा, वर रंग. रंग वाळला तरी त्याचा वास काही दिवस राहतो, तेव्हा हे काम द्राक्षाच्या हंगामाच्या तोंडावर ढकलू नका. परतीच्या पावसाची सर येऊन गेली की भोकांत एकदा तार फिरवा.