जिउ-जित्सू शिकताय? मॅटपासून लांब नेणाऱ्या या चुका टाळा

ब्राझिलियन जिउ-जित्सूत माणूस सुधारतो तो नियमित रोल करून, म्हणजे जोडीदाराशी सरावाची झुंज घेऊन. आठवड्याला तीन दिवस, वर्षानुवर्षं. रत्नागिरीत शिका नाहीतर कुडाळात, हिशोब तोच. म्हणून माझ्या लेखी मोठी चूक ती, जी तुम्हाला मॅटवर येऊच देत नाही. बाकीच्या चुका सरावात सुटतात.

उशिरा टॅप करणं

टॅप म्हणजे हार मानली म्हणून समोरच्याला किंवा मॅटला हाताने थोपटणं. आपल्याकडे या खेळात येणारी बरीच पोरं कबड्डीतली. पकड जबरदस्त, घोटा धरला की सोडत नाहीत. ते सगळं इथे कामाला येतं. पण कबड्डीत चढाई करणारा पकडीत सापडला तरी शेवटपर्यंत झटतो, कारण नुसतं बोट मध्यरेषेला लागलं तरी तो वाचतो. आर्मबारमध्ये, म्हणजे कोपर उलटं ताणणाऱ्या पकडीत, अशी रेषा नसते.

आमच्याकडे असाच एक चढाईपटू यायचा. अंगात ताकद, डोक्यात ईर्ष्या. एका रोलमध्ये त्याला आर्मबार लागला. कोपर सरळ झालं तसा समोरचा थांबला आणि म्हणाला, "टॅप कर रे, गेलाय हात." यानं ऐकलं नाही. अंग पिळून निसटायला गेला आणि कोपरातून आलेला आवाज सगळ्या हॉलला ऐकू गेला. हाड शाबूत होतं, लिगामेंट फाटलं. शिमग्याच्या सुमारास घरी बसला तो गणपती झाल्यावरच परत आला. त्याच्याच बरोबर सुरू केलेला एक काटकुळा मुलगा, जो एका संध्याकाळी दहा-दहा वेळा टॅप करायचा, तोवर गार्डमधून, म्हणजे पाठीवर राहून पायांनी समोरच्याला अडवत, त्याच्याहून जड माणसांना उलटवायला लागला होता.

1951 मध्ये जपानी ज्युदोपटू मासाहिको किमुराने हात पिरगाळला तरी ब्राझिलियन जिउ-जित्सूच्या जनकांपैकी एक असलेल्या हेलिओ ग्रेसीने टॅप केलं नाही, शेवटी त्याच्या बाजूच्यांनी टॉवेल टाकला, हा किस्सा पोरं मला ऐकवतात. तो हजारो प्रेक्षकांसमोरचा सामना होता. गुरुवारच्या सरावात कोपर घालवून काय मिळणार आहे?

माझी सवय सांगतो. हात अडकला आणि सुटकेचा रस्ता दिसत नाही, की कोपर ताणलं जायच्या आतच टॅप. दोन्ही हात गुंतले असतील तर तोंडाने मोठ्याने "टॅप" म्हणायचं. हील हुकला, म्हणजे टाच पिरगाळणाऱ्या पकडीला, तर नवख्यांनी हातच लावू नये. तिथे दुखायला लागेपर्यंत गुडघ्याचं नुकसान झालेलं असतं. आयबीजेजेएफ या आंतरराष्ट्रीय जिउ-जित्सू महासंघाच्या नियमांत पांढऱ्या, निळ्या आणि जांभळ्या पट्ट्याला तो मना आहे.

ओली गी आणि मेडिकलमधली ट्यूब

जून ते सप्टेंबर आपल्याकडे रुमाल वाळत नाही, तिथे गी, म्हणजे सरावाचा जाड सुती पोशाख, कुठून वाळणार? तरी लोक ती बॅगेत कोंबतात आणि दुसऱ्या दिवशी तशीच घालून येतात. मग गजकर्ण. ते मॅटवरून, अंगावरून सगळ्यांना लागतं, म्हणून या बाबतीत मी कुणाचीच गय करत नाही.

त्याहून वाईट म्हणजे दुकानात नुसतं सांगून आणलेली मिश्र मलमं. त्यांत पुष्कळदा स्टेरॉइड असतं. खाज थांबते, लाली उतरते, गडी खुश होतो. बुरशी मात्र पसरत राहते, आणि चट्ट्याचं रूपच बदलल्यामुळे पुढे डॉक्टरांनाही निदान अवघड जातं. त्वचारोगतज्ज्ञांकडे जा, सांगितले तितके दिवस औषध घ्या आणि ते बरं म्हणेपर्यंत रोल करू नका.

पावसाळ्यात मी गी कमी वापरतो. अंगाला घट्ट बसणारा पातळ रॅशगार्ड रात्री धुऊन पडवीत पंख्याखाली टाकला की सकाळी कोरडा. घरी पोचल्यावर आधी साबण लावून आंघोळ, मग जेवण. मॅट दर वर्गानंतर जंतुनाशकाने पुसायची, पुसणाऱ्याचा पट्टा कुठलाही असो.

बाकीच्या

नखं कापून या.

कुस्तीतून आलेले चितपट व्हायच्या धास्तीने पालथे होतात आणि आयती पाठ देतात, मग गळा आवळला जातो. इथे पाठ टेकली तरी गार्डचा खेळ सुरूच असतो.

दम धरून झटू नका. श्वास चालू ठेवा.

रोज यूट्यूबवर नवा डाव बघून येणाऱ्याला एकही डाव येत नाही. महिनाभर एकच स्वीप, म्हणजे खालून समोरच्याला उलटवायचा डाव, घ्या.

फक्त हलक्यांशी रोल करून जिंकत राहिलात तर आहात तिथेच राहाल.

आणि पट्ट्याची घाई. निळ्यावरून जांभळ्यावर जायलाच आयबीजेजेएफने प्रौढांसाठी किमान 2 वर्षं ठेवली आहेत. तिसऱ्या महिन्यात "निळा कधी?" विचारणारे बहुतेक सहाव्या महिन्यात दिसत नाहीत. पहिल्या महिन्यात रोज येऊन नंतर गायब होण्यापेक्षा आठवड्याला दोनच दिवस धरा, पण चुकवू नका. गणपतीत घरी चाकरमानी आले की सुट्टी पडणारच. विसर्जनानंतरच्या पहिल्या वर्गाला हजर राहा. तो आठवडा ड्रिल आणि हलकं रोलिंग, जोर त्यानंतर.