बंद कॉम्प्युटर दुरून चालू करायचा असेल तर

ऑफिसच्या कॉम्प्युटरवरची एखादी फाइल घरून लागते, म्हणून मशीन रात्रंदिवस चालू ठेवणारे लोक मला दर आठवड्याला भेटतात. त्याची काहीच गरज नाही. बंद मशीन नेटवर्कवरून चालू करायची ‘वेक ऑन लॅन’ ही सोय १९९० च्या दशकापासून आहे आणि आज बहुतेक डेस्कटॉपच्या बोर्डावर ती असतेच. मशीन बंद असलं, पण भिंतीवरचं बटण चालू असलं, तर एसएमपीएस, म्हणजे आतला पॉवर सप्लाय, नेटवर्क कार्डाला थोडी वीज देत राहतो. कार्ड एकाच निरोपाची वाट बघत असतं, त्याला मॅजिक पॅकेट म्हणतात. सुरुवातीला सहा वेळा ‘एफएफ’ हा बाइट, मग त्या मशीनचा मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा ओळख-क्रमांक) लागोपाठ १६ वेळा, मिळून १०२ बाइट. स्वतःचा ॲड्रेस असा दिसला की कार्ड बोर्डाला उठवतं.

मशीनला नेटवर्कची केबल हवी. पूर्ण बंद मशीन वायफायवरून उठवायच्या नादाला लागू नका.

बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडता येणारी बोर्डाची सेटिंग) ‘वेक ऑन लॅन’ किंवा ‘पॉवर ऑन बाय पीसीआय-ई’ चालू करा. तिथेच वीज वाचवणारं ‘ईआरपी’ किंवा ‘डीप स्लीप’ दिसलं तर ते बंद करा, कारण ते कार्डाची वीजच तोडतं.

विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजरमधून नेटवर्क कार्ड उघडा. ‘वेक ऑन मॅजिक पॅकेट’ चालू करा आणि पॉवर मॅनेजमेंटमध्ये मशीन उठवायची परवानगी द्या. ‘फक्त मॅजिक पॅकेटनेच उठव’ यावरही टिक करा, नाहीतर नेटवर्कवरच्या कुठल्याही हालचालीने मशीन रात्री-बेरात्री उठेल. लिनक्सवर हेच काम ‘एथटूल’ या कमांडने होतं, पण बऱ्याच ठिकाणी ते सेटिंग रीस्टार्टनंतर टिकत नाही, कायम राहील अशी सोय करा.

आता ‘फास्ट स्टार्टअप’. हे बंद केलंच पाहिजे. विंडोज ८ पासून साधं शट डाउन म्हणजे खरं शट डाउन नसतं. सिस्टीमचा काही भाग डिस्कवर लिहून ठेवला जातो, आणि अशा बंद अवस्थेत विंडोज कार्डाला जागं राहायला सांगत नाही. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये, पॉवर बटणाने काय व्हावं हे ठरवायच्या पानावर ती टिक सापडते. एवढं करूनही एखादं मशीन शट डाउनमधून उठत नसेल तर हट्ट सोडा आणि ते हायबरनेटवर ठेवत जा, म्हणजे चालू काम डिस्कवर लिहून मशीन बंद होतं. विंडोजवर तिथून उठवणं जास्त भरवशाचं आहे.

मग मशीन बंद करा आणि मागे वाकून केबलच्या खोबणीजवळचा बारीक दिवा बघा. तो पेटलेला किंवा लुकलुकत असेल तर कार्ड जागं आहे. पूर्ण विझला असेल तर पुढे जाऊ नका, आधी बायोस परत तपासा. मी कुठेही गेलो की टॉर्च लावून आधी हेच बघतो.

मॅक ॲड्रेस कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘गेटमॅक’ने मिळतो. केबलच्या कार्डाचा घ्या, वायफायचा नाही.

इथपर्यंतचं काम अर्ध्या तासाचं. माझे तीन दिवस गेले ते यापुढे.

सांगलीतल्या एका सीएंच्या ऑफिसात बारा मशीन होती. मार्चअखेर होती, त्यांना रात्री घरून टॅली बघायचं होतं. इंटरनेटवर जिथे-तिथे दिलेला सल्ला मी पाळला: राउटरवर ९ नंबरचं पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचं दार, उघडलं आणि ते मशीनच्या आयपीकडे (नेटवर्कवरच्या पत्त्याकडे) वळवलं. संध्याकाळी मशीन बंद केलं, मोबाइलच्या डेटावरून पॅकेट पाठवलं, मशीन चालू झालं. पुन्हा करून पाहिलं, पुन्हा चालू झालं. मी निघालो. रात्री साडेदहाला फोन आला की काहीच होत नाही. दुसऱ्या दिवशी जाऊन पाहिलं तर सगळं व्यवस्थित, त्या रात्री पुन्हा तेच. मी कार्ड बदललं, ड्रायव्हर बदलला, केबलसुद्धा बदलली. दोष यातल्या कशातच नव्हता.

राउटरला आयपीवरून मशीन गाठायचं असलं की तो आधी विचारतो, ‘हा आयपी कोणाचा?’ मशीन आपला मॅक ॲड्रेस सांगतं आणि राउटर तो थोडा वेळ लक्षात ठेवतो. याला एआरपी म्हणतात. मशीन बंद केल्यावर काही मिनिटं ही नोंद शिल्लक असते, म्हणून तेव्हा केलेली चाचणी हमखास यशस्वी होते. नोंद पुसली गेली की राउटर पुन्हा विचारतो, बंद मशीन उत्तर देत नाही, आणि पॅकेट राउटरमध्येच संपतं. ताबडतोब केलेली चाचणी ही चाचणीच नव्हे. मशीन बंद करा, राउटर रीस्टार्ट करा, निदान अर्धा तास जाऊ द्या आणि मग पॅकेट पाठवा.

उपाय असा की पॅकेट एका आयपीला पाठवायचंच नाही, सगळ्या नेटवर्कला पाठवायचं. तुमचे आयपी १९२.१६८.१ ने सुरू होत असतील आणि मास्क नेहमीचा २५५.२५५.२५५.० असेल तर पत्ता १९२.१६८.१.२५५. २५५.२५५.२५५.२५५ हा सरसकट पत्ता टाळा. ज्या मशीनवर व्हीपीएन (इंटरनेटवरून आतल्या नेटवर्कात शिरायची सुरक्षित वाट) किंवा व्हर्च्युअल मशीनची जादा कार्डं असतात तिथून पॅकेट भलत्याच कार्डातून बाहेर पडू शकतं.

पण हा सर्वांसाठीचा पत्ता बाहेरून आत येऊ द्यायला बहुतेक घरगुती राउटर तयार नसतात, आणि ते बरोबरच आहे. शिवाय राउटरच्या पानावर बाहेरचा आयपी १००.६४ ते १००.१२७ मधला दिसत असेल, तर तो आयपी तुमच्या एकट्याचा नाही. मग पोर्ट उघडून काही उपयोग नाही. म्हणून माझं ठाम मत आहे की या कामासाठी इंटरनेटकडून पोर्ट उघडूच नका. पॅकेटला सहसा साधा पासवर्डही नसतो.

आत एक छोटं, कायम चालू राहणारं यंत्र ठेवा. मी रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर ठेवतो, त्याला जेमतेम काही वॅट वीज लागते. त्याच्यावर वायरगार्ड किंवा टेलस्केल हे व्हीपीएन बसवा. घरून आधी त्याच्यात शिरा आणि पॅकेट त्याला पाठवायला सांगा. ते आतलंच असल्यामुळे मधे कोणी अडवत नाही. मायक्रोटिक किंवा ओपनडब्ल्यूआरटीचा राउटर असेल तर वेगळं यंत्रही नको, राउटर स्वतःच पॅकेट पाठवू शकतो. फक्त त्याच्यापर्यंत व्हीपीएनने पोहोचा. सांगलीला पाय बसवल्यावर मध्यरात्रीचे फोन बंद झाले.

राहिली लाइट. लाइट जाऊन आली की बऱ्याच बोर्डांवर कार्ड, मशीन एकदा पूर्ण सुरू होऊन बंद होईपर्यंत, पॅकेट ऐकतच नाही. बायोसमध्ये ‘रिस्टोर ऑन एसी पॉवर लॉस’ला ‘पॉवर ऑन’ करा, म्हणजे लाइट आल्यावर मशीन आपोआप सुरू होईल. काही वेळ कोणी वापरलं नाही की हायबरनेट व्हायला लावा. राउटर, नेटवर्कचा स्विच (ज्यात सगळ्या मशीनच्या केबल येतात) आणि पाय हे तिन्ही मात्र यूपीएसवरच हवेत. स्विच विसरू नका.