भिंतीवरच्या चित्राचं माप: आधी पिक्सेल मोजा, मग फ्रेम घ्या

मावसभावाच्या लग्नातला फोटो घरच्या ग्रुपवरून उतरवून घेतला होता. मोबाइलवर झकास दिसत होता, म्हणून मी सरळ १२ बाय १८ इंचांची प्रिंट काढून, फ्रेम करून पॅसेजमध्ये लावला. जवळून पाहिलं तर आजीच्या नथीतले मोती एकमेकांत विरघळलेले आणि मागच्या रांगेत उभ्या काकांच्या फेट्याचा तुरा गायब! दोन्ही चुका माझ्याच होत्या, आणि दुकानात जाण्याआधी पाच मिनिटं हिशेब केला असता तर दोन्ही टळल्या असत्या.

१. आधी भिंत बघा

जुना पेपर हव्या त्या मापाचा कापा, चिकटपट्टीने भिंतीवर लावा आणि दोन दिवस तसाच राहू द्या. १२ बाय १८ हातात मोठं वाटतं, पण सहा फुटी सोफ्याच्या वर लावलं की तिकीट चिकटवल्यासारखं दिसतं. सोफ्याच्या लांबीच्या साधारण दोन तृतीयांश भाग चित्रांनी व्यापला की बरं दिसतं, म्हणजे इथे चारेक फूट. एकच मोठं चित्र नको असेल तर १८ बाय २४ची दोन उभी चित्रं मध्ये फट ठेवून लावा. पेपर कापायचा कंटाळा आला तर ए-४चे कागद वापरा. दोन जोडले की ए-३, चार जोडले की ए-२.

२. बघणारा किती लांब उभा राहणार?

‘३०० डीपीआयच (म्हणजे दर इंचाला ३०० ठिपके) पाहिजे’ हे वाक्य प्रत्येक दुकानात ऐकायला मिळतं. हातात धरून बघायच्या फोटोसाठी ते ठीक आहे, भिंतीसाठी तो हट्ट मला पटत नाही. चांगल्या नजरेला साधारण कोनाच्या एका अंशाच्या साठाव्या भागाइतका बारकावा कळतो. त्यावरून सोपा हिशेब निघतो: ३४४० ला अंतराच्या इंचांनी भागा. दोन फुटांवरून बघायचं असेल तर दर इंचाला साधारण १४३ पिक्सेल लागतात, सहा फुटांवरून जेमतेम ४८.

अर्थात पाहुणे चहाचा कप घेऊन चित्राच्या नाकाशी जातातच. म्हणून हॉलसाठी मी १५० धरतो, पॅसेज किंवा टेबलासमोरच्या भिंतीसाठी २००. चित्रात अक्षरं किंवा वारलीसारख्या बारीक रेघा असतील, तर मात्र ३००च्या जवळ राहा. रेघेची कड फुटली की ती लगेच डोळ्यात येते.

३. फाइलचे पिक्सेल मोजा

गॅलरीत फोटोच्या तपशिलात दोन आकडे दिसतात. १२ मेगापिक्सेलचा फोटो बहुधा ४००० गुणिले ३००० असतो. लांब बाजूला प्रिंटच्या लांबीने भागा. २० इंचांवर २०० पिक्सेल मिळतात, २६ इंचांवर दीडशेच्या थोडे वर. माझा ग्रुपवरचा फोटो १६०० गुणिले १२०० होता. १८ इंचांवर त्याचे दर इंचाला ८९ पिक्सेल झाले आणि पॅसेजमध्ये तर माणूस दोन फुटांवरूनच जातो. मोती विरघळणारच!

चॅटमधून फोटो नेहमीसारखा पाठवला की तो आकसतो. मूळ फोटो काढणाऱ्याला सांगा, ‘डॉक्युमेंट म्हणून पाठव’. फाइलमधला डीपीआयचा ७२ हा आकडा ३०० केल्याने एकही पिक्सेल वाढत नाही, त्यात वेळ घालवू नका. फोटो मोठा करणारी एआय ॲप डोंगर, पानं, खडक ठीक करतात, पण चेहऱ्यांवर त्यांचा भरवसा नको. आजी शेजारच्या काकूंसारखी दिसू शकते.

४. लांबी-रुंदीचं प्रमाण जुळवा

तुरा गेला तो इथे. मोबाइलचा फोटो बहुधा ४:३ असतो, १२ बाय १८ची फ्रेम ३:२. फ्रेम भरायची तर वरखालचा मिळून नववा हिस्सा कापावा लागतो, आणि दुकानदार तो न विचारता कापतो. ४:३ साठी ९ बाय १२, १२ बाय १६ किंवा १८ बाय २४ घ्या. ३:२ साठी ८ बाय १२, १२ बाय १८, २० बाय ३०. मी नंतर मूळ फाइल मागवून १२ बाय १६ प्रिंट काढली. दर इंचाला २५० पिक्सेल मिळाले आणि तुराही परत आला.

संग्रहालयांच्या साइटवरून चित्र उतरवणार असाल तर मूळ कलाकृतीचं मापही बघा. न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयाने २०१७ पासून कॉपीराइटमुक्त चित्रांच्या प्रतिमा वापरायला खुल्या केल्या आहेत. तिथली जपानी चित्रकार होकुसाईची प्रसिद्ध लाट लोक पोस्टरएवढी छापतात, पण मूळ छाप जेमतेम १० बाय १५ इंचांची आहे. प्रमाण जवळपास ३:२, म्हणजे १२ बाय १८मध्ये ती छान बसते आणि मुळाच्या जवळही राहते.

५. तुकडा छापून बघा

मोठी प्रिंट देण्याआधी चित्रातला सगळ्यात नाजूक भाग, म्हणजे चेहरा, नथ किंवा अक्षरं, कापून ४ बाय ६वर छापून घ्या. १५० च्या हिशेबाने हा तुकडा ९०० गुणिले ६०० पिक्सेलचा हवा, म्हणजे मोठ्या प्रिंटमध्ये दिसेल तसाच दिसेल. तो भिंतीवर लावून नेहमीच्या जागेवरून बघा. रंग स्क्रीनपेक्षा काळवंडलेले वाटले तर उजेड थोडा वाढवून फाइल पुन्हा सेव्ह करा. फ्रेमची कड चारही बाजूंनी पाव इंच झाकते, तेव्हा सही किंवा तारीख काठाला चिकटलेली नको. आणि दुकानात फाइल देताना सांगा, ‘१०० टक्के मापावर काढा, फिट टू पेज करू नका,’ आणि प्रिंट निघेपर्यंत तिथेच थांबा.